हन्नामावशींचे न वाजणारे डबे

प्रथम घटनाक्रम मांडतो. घटनाक्रमाशिवाय केलेली तक्रार ही नुसती कुरकुर ठरते, आणि उभ्या आयुष्यात मी कुरकुर केलेली नाही. जे काही म्हणायचे ते लेखी म्हटले आहे.

मागील वर्षीचा आषाढ, एक सोमवार. सावेडीतील आमच्या वाचनालयाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी भरणाऱ्या मुलांच्या हस्तकला वर्गाविरुद्ध एक तक्रार अर्ज दाखल झाला. जबाबदार : अर्जदार.

त्याच वर्षीचा श्रावण, शुक्रवार. सदर अर्ज अर्जदाराने लेखी मागे घेतला. त्याची पोच उपलब्ध आहे.

यंदाचा फेब्रुवारी, दुसरा मंगळवार. वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी बुद्धिबळाचा पट शोधण्यासाठी सभागृहातील कपाट उघडले आणि त्यांना बुटांचा एक रिकामा खोका सापडला, जो रिकामा नव्हता. जबाबदार : भाऊसाहेब, तसेच पट जागेवर न ठेवणारी व्यक्ती, जी अद्याप निष्पन्न झालेली नाही.

त्याच आठवड्यातील गुरुवार. वर्ग बंद केल्याची सूचना दर्शनी फलकावर लागली. जबाबदार : भाऊसाहेब एकटे. सचिवांनी सही करण्यापूर्वी ती वाचली नव्हती, हे त्यांनीच मला सांगितले. ते दूषण की बचाव, याचा निर्णय त्यांनी करावा.

मार्चमधील पहिला सोमवार. बंद दाराआड चहा घेऊन प्रकरण मिटल्याचे घोषित झाले. जबाबदार : संपूर्ण कार्यकारिणी. चहा मीही घेतला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

पहिल्या नोंदीतील अर्जदार मीच. तेव्हा या लेखात मी कोणालाही सोडणार नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. परंतु ज्यांच्यामुळे हा लेख लिहावा लागला, त्या हन्नामावशींविषयी लिहिताना राग धरून ठेवणे मला फार जड जाते. त्यांच्या आठवणीने हसू येते आणि मसुदा बिघडतो.

श्रीमती हन्ना सॅम्युअल झिराडकर या मूळच्या अलिबागकडच्या. बेने इस्रायल, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी कोकणात येऊन राहिलेल्या आणि घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. यजमान राहुरीला कृषी विद्यापीठाच्या कार्यशाळेत नोकरीला होते. मावशी शाळेत कार्यानुभव शिकवत. यजमान वारले, लेक लग्न होऊन ठाण्याला गेली आणि मावशी सावेडीत आमच्या समोरच्या इमारतीत राहायला आल्या. अख्ख्या नगरात त्यांचे म्हणावे असे दुसरे घर नव्हते. सणाला सिनेगॉगमध्ये जायचे तर एसटीने पुणे गाठावे लागे. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. एसटीच्या खिडकीबद्दल मात्र दर वेळी केली.

आमची पहिली भेट माझ्या चुकीने गाजली. नात ईशानी त्यांच्या वर्गाला जाऊ लागली होती आणि मी चौकशीसाठी त्यांच्या दारी गेलो. चौकटीवर उजव्या बाजूला एक लांबट, तिरकी पितळी डबी बसवलेली होती. ती दाबली. आवाज आला नाही. पुन्हा, जरा जोर देऊन दाबली.

दार उघडून मावशी म्हणाल्या, "नाना, ती बेल नव्हे. तिच्यात आमची प्रार्थना आहे."

मी ओशाळून हात मागे घेतला.

"असू द्या. आम्ही येता-जाता हात लावतोच. तुम्ही दोनदा लावलात. बेल तिकडे डावीकडे आहे, पण ती गेले वर्षभर बंद आहे. या आत."

उंची बेताची, पातळ सुती, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोटांना कायम वाळलेल्या खळीचे पापुद्रे. बाजारचा डिंक त्यांना वर्ज्य. "बाटलीतल्या डिंकाने मुलं चिकटवतात आणि पळतात. खळीला वाट बघावी लागते. वाट बघताना मुलं बोलतात. मला ते बोलणं हवं असतं," असे त्या म्हणत. मैद्याची खळ शिजवून, किंचित मोरचूद घालून, पितळेच्या डब्यातून त्या ती वर्गाला आणीत. डब्यावर लाल अक्षरांत लिहिलेले असे, 'शिरा नव्हे.' हे लिहिण्याची वेळ का आली, ते सचिवांना ठाऊक आहे.

त्यांच्या वर्गात मुले डबे बनवीत. मिठाईच्या दुकानातील खोकी, जुन्या लग्नपत्रिका, चिंध्या, सुतळी, ज्वारीच्या धाटांचा भेंडा. विकत आणलेली एकही वस्तू नाही. डब्याच्या झाकणाला चीर. दर शुक्रवारी दिवेलागणीपूर्वी मुलाने त्यात काहीतरी टाकायचे. त्यांच्या घरी हीच रीत. सब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावण्याआधी डब्यात एक नाणे. या देण्याला त्यांच्या धर्मात 'त्सेदाका' म्हणतात. मी विचारले, म्हणजे दान ना? त्या म्हणाल्या, "दान म्हटलं की देणाऱ्याची छाती पुढे येते. आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ न्याय. समोरच्याचं जे होतंच, ते त्याच्यापर्यंत पोचवणं." चौतीस वर्षे न्यायालयात काढलेल्या माणसाला हा अर्थ हस्तकलेच्या वर्गात ऐकावा लागला.

त्यांच्या डब्यांचे एक वैशिष्ट्य होते. ते वाजत नसत. तळाशी जुन्या गोधडीची चिंधी दुमडून बसवायची, हा त्यांचा नियम. ईशानीने घरी डबा हलवून दाखवला, तेव्हा मला वाटले रिकामाच आहे.

"आजोबा, वाजला तर कळतं ना, कुणी किती टाकलं."

"कळायलाच हवे. हिशेब कसा राहणार?"

"मावशी म्हणतात, हिशेब राहिला की भांडण राहतं."

हे ऐकून मी त्याच सोमवारी तक्रार अर्ज लिहिला. विश्वस्त कायद्याचा हवाला देऊन विचारले, की विनापावती, विनानोंद आणि आता विनाआवाज रक्कम गोळा करण्याची परवानगी कोणी दिली. अर्ज चार पानी होता. सचिवांनी तो मावशींना वाचायला दिला.

पुढच्या रविवारी मावशींनी मला वर्गात बोलावले. मी उत्तराच्या तयारीने गेलो. त्यांनी माझ्यापुढे पुठ्ठा, कात्री आणि पट्टी ठेवली.

"नाना, तुमच्या अर्जाचे कोपरे फार सरळ होते. डबा करून दाखवा."

"माझ्या प्रश्नाचे उत्तर?"

"खळ वाळेपर्यंत देते."

मी डबा केला. मापे बिनचूक, घड्या काटकोनात, तळाशी चिंधी. तीन मुलांनी तो हातोहात फिरवला. मावशी म्हणाल्या, "हा कोर्टात टिकेल." आणि मग मुलांच्या लक्षात आले, की मी झाकणाला चीर ठेवायला विसरलो आहे. आमच्या नातीने तर जमिनीवर लोळून हसण्यापर्यंत मजल मारली. त्यात काहीही टाकता येत नव्हते. मावशींनी मात्र तो डबा फेकू दिला नाही. "घ्यायचा डबा नसेल, ठेवायचा असेल," म्हणाल्या आणि त्यात कात्र्या ठेवू लागल्या.

उत्तर त्यांनी दिले ते असे. रक्कम त्यांच्याकडे येतच नसे. डबा मुलाच्या घरी राही, तो उघडायचा मुलाच्या आईवडिलांनी, आणि त्यातून कोणाला काय द्यायचे ते मुलांनी मिळून ठरवायचे. अट एकच. घेणाऱ्याला देणाऱ्याचे नाव कळता कामा नये. विश्वस्त कायद्यात हे कुठेच बसत नव्हते. मी अर्ज मागे घेतला.

नाव न कळू देण्याचा प्रयोग मी डोळ्यांनी पाहिला. हिवरे बाजारच्या बाजूने एक बबनराव आमच्या भागात दूध घालायला येत. एका वळणावर त्यांची मोटारसायकल घसरली. ते वाचले, कॅन चेपून फुटला. दोन दिवसांनी पहाटे त्यांच्या चुलत्याच्या सावेडीतल्या दुकानाच्या दाराशी नवा कॅन ठेवलेला. त्या रविवारी बबनराव थेट वर्गात आले.

"मावशी, खरं सांगा. ह्ये तुमच्या पोरांचं काम हाय का न्हाई?"

"कसलं काम?"

"क्यान. चुलत्याच्या दुकानाच्या दारात माझ्यासाठनं नवा क्यान हुता."

सगळी मुले आढ्याकडे पाहत होती. एकाला शिंक आली, तीही त्याने अर्धीच दिली.

"आमी गरीब असू, पर कुनाचं फुकट घेत न्हाई. नाव कळलं तर मी दूध घालून फेडीन."

"म्हणूनच नाव कळत नाही, बबनराव."

"मग आभार कुनाचे मानू?"

"कुणाचेच नका मानू. दुधात पाणी वाढवू नका, म्हणजे झालं."

"मावशी! आमच्या दुधाला आजवर कुनी बोट लावलं न्हाई!"

"मी कुठं लावलं? मी आपलं म्हटलं."

बबनराव हसत गेले. त्या आठवड्यात दूध खरोखर घट्ट होते. ही बाब मी सौभाग्यवतींकडून पडताळून घेतली आहे.

चांगल्या कामाला त्यांचा शब्द 'मित्स्वा'. वर्गाच्या भिंतीवर सुतळी आणि वाळक्या काटक्यांचे एक झाड होते. लग्नपत्रिकांच्या जाड, सोनेरी कागदाची पाने कापून, त्यावर चांगले काम लिहून, पान दुमडून चिकटवायचे. पहिल्या रविवारी सगळी मुले स्वतःचीच कामे लिहून घेऊन आली. मावशींनी एकही पान घेतले नाही.

"पण मावशी, मी खरंच आजीला औषध दिलं," एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"दिलंस ना? छान. आता विसर. दुसऱ्यानं काय केलं ते लिही. नाव न घालता."

त्यानंतर मुले आठवडाभर दुसऱ्यांच्या चांगल्या कामांवर पाळत ठेवू लागली. मी अर्धे आयुष्य दुसऱ्यांच्या चुकांवर पाळत ठेवण्यात घालवले. हा प्रकार मला नवीन होता. झाड फुलले तेव्हा मावशींनी मुलांना मलिदा खाऊ घातला. गोड पोहे, त्यात ओले खोबरे, वेलची, वर फळांच्या फोडी. त्यांच्या घरी एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने हे ताट करतात. बाहेरून आलेल्या भाऊसाहेबांनी दोनदा मागून घेतला, हेही नोंदवतो.

आता खोका.

लग्नपत्रिका कापायची तर वर गणपती असतो. कोणाच्या पत्रिकेवर बुद्ध, कोणाच्या पत्रिकेवर बाबासाहेब, कोणाकडे चांदतारा, कोणाकडे कुलदैवत. मावशींचा दंडक असा, की पत्रिकेला कात्री लावण्यापूर्वी ती प्रतिमा कडेने, धक्का न लावता, अलगद सोडवून घ्यायची. मुले याला 'आधी देव बाहेर' म्हणत. सुटलेल्या प्रतिमा बुटांच्या खोक्यात, मऊ कापडावर, एकीवर एक. भाद्रपदात मावशी तो खोका शेजारच्या ताराबाईंच्या स्वाधीन करीत. ताराबाई घरच्या गणपतीबरोबर त्यातल्या गणपती-कुलदैवतांचे रीतसर विसर्जन करीत आणि बाकीच्या प्रतिमा ज्याच्या त्याच्या घरी परत जात.

मावशींच्या धर्मात मूर्ती नाही, चित्र नाही. पण देवाचे नाव ज्यावर आहे तो कागद ते कचऱ्यात टाकत नाहीत. जपून ठेवतात आणि मग जमिनीत पुरतात. मी एकदा विचारले होते, की हा देव तर तुमचा नव्हे. "पण ज्यानं पत्रिका छापली त्याचा आहे ना?" एवढेच म्हणाल्या आणि कात्रीला तेल घालू लागल्या.

भाऊसाहेबांनी कपाट उघडले ते फेब्रुवारीत. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरचा सगळा हंगाम त्या खोक्यात साठलेला. त्यांनी झाकण काढले आणि कडेने कापलेल्या गणपतींची ती रास पाहिली. वर्गात येऊन विचारले असते, तर सात वर्षांच्या मुलानेही खुलासा केला असता. त्यांनी विचारले नाही. गुरुवारी फलकावर लागले :

'सभागृहात देवदेवता व महापुरुष यांच्या प्रतिमांची कापाकापी होत असल्याचे निदर्शनास आले आहे. तसेच एका ज्येष्ठ सभासदाच्या तक्रारीनुसार तेथे विनापावती वर्गणी गोळा होते. सबब रविवारचा वर्ग बंद करण्यात येत आहे.'

तो ज्येष्ठ सभासद मी. मागे घेतलेल्या अर्जावर कारवाई! न्यायालयात एखाद्या कारकुनाने हे केले असते, तर मी त्याला दिवसभर उभे केले असते. मी त्याच दुपारी पत्र दिले, दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र दिले. कार्यकारिणीने मावशींचे म्हणणे ऐकण्यासाठी दिवस ठरवला, तो नेमका शनिवार. शनिवारी मावशी कोणत्याही कामासाठी घराबाहेर पडत नाहीत, हे ज्या वाचनालयात त्या इतकी वर्षे शिकवतात त्या वाचनालयास ठाऊक नसावे? मी तिसरे पत्र दिले. सोमवार ठरला.

त्या मधल्या दिवसांत मावशी दोनदाच गंभीर दिसल्या. एकदा चष्म्याची काडी पुन्हा तुटली तेव्हा. आणि एकदा जिन्यात चौथीतल्या शर्वरीने, जी भाऊसाहेबांची नात, त्यांना थांबवले तेव्हा. मी मागेच होतो.

"मावशी, तुम्ही बाप्पाला कापलंत का?"

"तूच कापायचीस ना माझ्यासमोर? कसं कापायचीस?"

"कडेनं. पण आजी म्हणते, पाप लागतं."

मावशी तिच्या केसांवरून हात फिरवून वर गेल्या. दारात मला म्हणाल्या, "नाना, सभागृह गेलं तर माझ्या घराची गच्ची आहे. पण ह्या पोरींना असं वाटत राहिलं, की आपण काहीतरी पाप करत होतो, तर मग मी त्यांना काय शिकवलं?"

सोमवारी बैठक झाली. मावशींनी खोका टेबलावर उघडला, कापड बाजूला केले आणि एक-एक प्रतिमा मांडून सांगितले. भाऊसाहेबांनी सचिवांकडे पाहिले. सचिवांनी छताकडे पाहिले.

"मग तुम्हीच का नाही विसर्जन केलंत?" भाऊसाहेबांनी विचारले.

"मी कसं करणार, भाऊसाहेब? ते तुमचं काम. मी फक्त सांभाळते."

भाऊसाहेब मनाने वाईट नाहीत, हे मला मान्य आहे. त्यांनी हात जोडले. "चुकलं आमचं. झालं गेलं सोडा. ही घ्या किल्ली, रविवारपासून वर्ग सुरू करा." चहा आला. सूचना काढून टाकण्यात आली. सर्वांना बरे वाटले.

मावशींनी चहा पूर्ण घेतला, कप विसळायला ठेवला आणि किल्ली टेबलावर परत सरकवली.

"भाऊसाहेब, आरोप बाहेर लावला होता. खुलासा आत कसा?"

"अहो, आता कशाला पुन्हा तो विषय? लोक विसरले."

"मुलं विसरत नाहीत. माझं सगळं शिकवणं हेच, की देणं झाकून करावं. पण चूक दुरुस्त करणं हे काही देणं नाही, ते झाकून चालत नाही."

भाऊसाहेब म्हणाले, बघू. आजतागायत ते बघत आहेत.

तेव्हापासून वर्ग वाचनालयाच्या बाहेर, प्रवेशाच्या पायऱ्यांवर, त्या रिकाम्या फलकाखाली भरतो. सुरुवातीला निम्मी मुले आली. मावशींनी एकाही घरी जाऊन समजूत घातली नाही. मला मात्र पालकांना पत्रे पाठवण्याची परवानगी त्यांनी दिली. एकच अट घातली, की पत्रात 'निषेध' हा शब्द दोनापेक्षा जास्त वेळा येऊ नये. मुले हळूहळू वाढली. पायऱ्यांवर वारा असल्याने खळ लवकर वाळते, ही मावशींची सध्याची एकमेव तक्रार आहे.

गेल्या रविवारचे दृश्य सांगतो आणि थांबतो. शर्वरी आता दर रविवारी येते, आजीला न सांगता. तिला न्यायला भाऊसाहेब स्वतः गाडीतून उतरले.

"चल शर्वरी, उशीर झाला."

"थांबा आजोबा, माझं अर्धवट आहे. जरा हे धरा."

तिच्या हातात त्यांच्याच पुतण्याच्या लग्नाची पत्रिका होती. भाऊसाहेबांनी इकडेतिकडे पाहिले आणि दोन्ही हातांनी पत्रिका धरली. शर्वरी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून गणपतीच्या कानाच्या कडेने कात्री फिरवू लागली. मावशी तिच्या कोपराला बोटाने किंचित आधार देत होत्या. पायरीवरची सगळी मुले बघत होती. सोंडेचे टोक सुखरूप सुटले तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली.

खोका त्या दिवशी मावशींच्या घरी राहिला होता. शर्वरीने गणपती आजोबांच्या तळव्यावर ठेवला. भाऊसाहेब तो हात पुढे धरून तसेच उभे राहिले. शेवटी त्यांनी तो अलगद सदऱ्याच्या खिशात ठेवला, मावशींना नमस्कार केला आणि फलकाकडे न पाहता गाडीत बसले.

मावशी हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. मी हसलो.

मेअखेरीस मावशी ठाण्याला, लेकीकडे कायमच्या जात आहेत. त्यापूर्वी एक रविवार शिल्लक राहील एवढ्या मुदतीत अध्यक्ष भाऊसाहेब यांनी पुढील प्रश्नाचे उत्तर त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, चौथीतल्या मुलीला अडखळल्याशिवाय वाचता येईल अशा भाषेत द्यावे : या मुलांनी आणि त्यांच्या मावशींनी देवांची कापाकापी केली होती, की देवांना सांभाळले होते? उत्तरासाठी एक ओळ पुरेल. खाली आपली सही असावी. खुलासा पाकिटात घालून माझ्या घरी पाठवू नये. मी ते पाकीट घेणार नाही.